पबमधलं श्निट्झेल आधी उलटून बघा

प्रश्न असा आहे: आम्ही ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये राहणारे सहा मित्र दर बुधवारी आसपासच्या एखाद्या पबमध्ये जाऊन श्निट्झेल (ठोकून पसरवलेल्या मांसाला ब्रेडचा चुरा लावून तळलेला पदार्थ) खातो आणि दहापैकी गुण देतो. पण ताटाबाहेर लोंबणारं श्निट्झेल आलं की सगळे आपोआप नऊ देऊन मोकळे होतात. नीट पारख करायची तर कशी करावी? चिप्स (म्हणजे बटाट्याच्या गरम फ्राइज) श्निट्झेलखाली असाव्यात की बाजूला? आमच्यातले दोघं बीफ खात नाहीत, त्यांनी काय विचारून घ्यावं? आणि दोन पब बरोबरीत आले तर निकाल कसा लावायचा?

मी इथल्या पबच्या स्वयंपाकघरांत बरीच वर्षं फ्रायर, म्हणजे तेलात तळायचं यंत्र, सांभाळला आहे. आता नवीन पोरांना तो सांभाळायला शिकवते, त्यामुळे ही पारख माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे.

आकाराचं आधी निकालात काढू. कोंबडीच्या छातीचा एक चांगला तुकडा २५० ते ३०० ग्रॅमचा असतो. तो मधून चिरून, उघडून, ठोकून एक सेंटिमीटर जाडीचा केला तर साधारण १७ ते १९ सेंटिमीटर व्यासाचं श्निट्झेल होतं. आता २८ सेंटिमीटरचं ताट पूर्ण झाकायचं म्हटलं, तर ३०० ग्रॅम मांस पाच मिलिमीटरपेक्षाही पातळ करावं लागतं. तेवढं पातळ मांस कवच खरपूस होईपर्यंत तेलात ठेवलं की आतून कोरडं ठणठणीत होतं. शिवाय क्षेत्रफळ वाढलं की ब्रेडचा चुरा वाढतो आणि चुरा वाढला की तेलही जास्त बसतं. म्हणजे मोठं ताट बघून तुम्ही गुण देता ते ब्रेडला आणि तेलाला. एक सेंटिमीटरच्या आसपासची, कडेपासून मध्यापर्यंत सारखी जाडी, हे चिकन श्निट्झेलचं माझ्या मते योग्य माप. ते ताटात मावतंच.

दुसरी गोष्ट, व्हिएन्नाची मोजपट्टी इथे लावू नका. एखादा जण युरोप फिरून आलेला असतो आणि तो म्हणतो, खरं श्निट्झेल असं नसतंच. ऑस्ट्रियात नुसतं ‘वीनर श्निट्झेल’ म्हणून विकायचं तर ते वासराच्या मांसाचंच असावं लागतं. ते फार पातळ असतं, कढईत भरपूर लोण्याच्या तुपात किंवा चरबीत पोहत तळलं जातं, आणि तळताना कढई हलवत राहिल्यामुळे कवच मांसापासून सुटून लाटांसारखं फुगतं. तिथे तो गुण आहे. सोबत लिंबाची फोड आणि बटाट्याचं सॅलड, ग्रेव्ही नाहीच. ॲडलेडच्या पबमधलं श्निट्झेल जाड असतं, डीप फ्रायरमध्ये तळलेलं असतं, आणि त्याचं कवच मांसाला घट्ट धरून असलं पाहिजे. सुरी लावताच अख्खं कवच टोपीसारखं उतरलं तर इथे तो दोषच. ॲडलेडजवळच्या हान्डॉर्फमध्ये, म्हणजे १८३९ साली जर्मन स्थलांतरितांनी वसवलेल्या गावात, आंबवलेल्या कोबीबरोबर डुकराच्या मांसाचं श्निट्झेल मिळतं. ते जरूर खा, पण त्याची यादी वेगळी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. पारखायचं असेल तर श्निट्झेल साधं मागवा, वर काहीही न घालता, ग्रेव्ही वेगळ्या वाटीत. पहिल्या भेटीत पार्मी, म्हणजे वर थर चढवलेलं श्निट्झेल, मागवू नका. टोमॅटो सॉस, हॅम आणि चीजच्या थराखाली काहीही खपतं. ताट समोर आलं की फोटो काढण्याआधी श्निट्झेल काट्याने उचला आणि उलटून खालची बाजू बघा. वरची बाजू सगळेच चांगली देतात, स्वयंपाकीही तीच बाजू बघून ताट पुढे सरकवतो. खालची बाजू मात्र सगळं सांगते: तळल्यावर जाळीवर निथळलं की थेट ताटात आपटलं, ताटं गरम ठेवायच्या दिव्याखाली किती वेळ पडून राहिलं, फ्रायर गच्च भरला होता का. खालून कोरडी, वरच्याच रंगाची, बोट फिरवल्यावर खरखरीत लागणारी बाजू दिसली की स्वयंपाकघरात कुणीतरी लक्ष देऊन काम करतंय असं समजा. ओलसर, फिकट, मऊ पट्टा दिसला तर ते वाफेत सादळलेलं आहे.

याच कारणाने चिप्सच्या वादात मी ठामपणे बाजूच्या पक्षात आहे. गरम चिप्सच्या ढिगावर गरम श्निट्झेल ठेवलं की चिप्समधून निघणारी वाफ थेट कवचात जाते. पाच मिनिटांत श्निट्झेलची खालची बाजू आणि मधल्या चिप्स, दोन्हींची वाट लागते. ताट उंच आणि भरलेलं दिसतं म्हणून बरेच पब असं वाढतात. काही जण म्हणतात, खालच्या चिप्स ग्रेव्ही पितात तेच आम्हाला आवडतं. आवड असू शकते, पण मग ग्रेव्ही त्यांनी स्वतः ओतावी. पबने आधीच चिप्स भिजवून देऊ नयेत.

दहा मिनिटांनी पुन्हा बघा. एक तुकडा मुद्दाम बाजूला काढून ठेवायचा आणि बाकीचं खाऊन होत आलं की तो चाखायचा. पहिल्या मिनिटाला जवळपास प्रत्येक श्निट्झेल कुरकुरीत असतं. दहाव्या मिनिटालाही जे दाताखाली वाजतं त्याचं तळण खरं.

कवच का टिकतं किंवा का सुटतं हे कळलं तर गुण देणं सोपं जातं. क्रम साधा असतो: मैदा, फेटलेलं अंडं, ब्रेडचा चुरा. पण त्याआधी मांस पुसून कोरडं केलेलं असावं लागतं. बोंबील दाबून त्यातलं पाणी काढल्याशिवाय रवा लावला तर तव्यावर त्याचं जे होतं, तेच ओल्या चिकनचं फ्रायरमध्ये होतं. पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला जागा शोधते आणि कवच ढकलून वेगळं करते. चुरा लावल्यावर श्निट्झेल फ्रिजमध्ये अर्धा-एक तास तरी पडू द्यायचं, म्हणजे मैदा ओल शोषून अंड्याला धरतो. चांगल्या ठिकाणी सकाळी चुरा लावून, मध्ये कागद घालून थर रचून ठेवतात आणि संध्याकाळी तळतात. कालचं उरलेलं मात्र ओळखू येतं. चुरा ओल पिऊन लगदा झालेला असतो, तळल्यावर कवच एकसंध आणि कडक होतं, खुसखुशीत होत नाही.

बाहेरून तयार चुरा लावून, गोठवून आलेलं श्निट्झेल वापरणारे पबही आहेत. ते ओळखायला आकार बघा. सहाच्या सहा ताटांत एकाच साच्यातून काढल्यासारखी अंडाकृती आली, रंग भगव्याकडे झुकणारा, चुरा अगदी बारीक आणि सगळीकडे सारखा, तर ते बहुधा खोक्यातून आलेलं आहे. हाताने केलेल्याला एक टोक निमुळतं असतं, कुठेतरी कड दुमडलेली असते, चुऱ्यात लहानमोठे कण दिसतात. मेन्यूवर ‘घरी चुरा लावलेलं’ असं लिहिलेलं असलं तरी काउंटरवर सरळ विचारा. बहुतेक ठिकाणी खरं उत्तर मिळतं, आणि जिथे हाताने करतात तिथे तर अभिमानाने सांगतात.

तेलाचं परीक्षण नाकाने करा. ताट आल्याबरोबर, ग्रेव्ही ओतायच्या आधी, एकदा वास घ्या. ताज्या तेलाला जवळजवळ वास नसतो, ब्रेडचा भाजका वास पुढे येतो. खवट, रंगाच्या डब्यासारखा किंवा माशाचा वास आला तर तेल थकलंय. जुन्या तेलात कवच आत शिजायच्या आधीच गडद होतं. म्हणून फार तपकिरी रंग आणि मागे राहणारी कडवट चव एकत्र आली तर दोष तेलाचा, स्वयंपाक्याच्या घाईचा नव्हे. तापमानाचा दोष वेगळा. फ्रायर १७५ अंशांच्या आसपास हवा. एका बास्केटमध्ये चार-पाच थंड श्निट्झेल कोंबली की तेलाचं तापमान एकदम उतरतं, कवच बंद व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ते तेल पितं. काट्याच्या पाठीने कवच हलकं दाबा. तेलाचे थेंब वर आले तर घाणा गच्च भरला होता.

इथे तुमच्याच पद्धतीतली एक अडचण सांगते. तुम्ही सहा जण एकदम सहा श्निट्झेल मागवता. ती एकाच डॉकेटवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, स्वयंपाकघरात येतात, आणि डॉकेटवरची सगळी ताटं एकत्रच बाहेर जायला हवीत हा तिथला नियम. फ्रायरमध्ये एका वेळी दोन किंवा तीनच नीट तळली जातात. मग पहिली तीन गरम दिव्याखाली थांबतात, दुसरी तीन तळून होतात, तोवर चिप्सचा घाणा निघतो. म्हणजे एकाच टेबलावर कुणाला ताजं, कुणाला सहा-सात मिनिटं थांबलेलं श्निट्झेल येतं, आणि मग तुमच्या गुणांत मतभेद होतात. खरं तर तुम्ही वेगवेगळे पदार्थच चाखत असता. दोन-दोनच्या तीन वेगळ्या ऑर्डर द्या, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. किंवा तीनच श्निट्झेल मागवून वाटून खा. दिव्याखाली थांबलेलं ताट ओळखायचं असेल तर सॅलडला हात लावून बघा. लेट्यूस कोमट लागला की समजायचं.

मांसाकडे वळू. पहिला काप कडेला घेऊ नका, सगळ्यात जाड जागी, मधोमध घ्या आणि काप उजेडात धरा. मांसाचे धागे दिसले पाहिजेत, रंग पूर्ण पांढरा हवा, आणि हलका दाब दिला की रस यावा. कोंबडी आतून ७५ अंशांपर्यंत गेलेली असावी हा इथला नेहमीचा दंडक आहे. मध्ये गुलाबी, पारदर्शक भाग दिसला तर गुण सोडा, ताटच परत पाठवा. रबरासारखं उसळणारं, खारट पाणी सोडणारं मांस असेल तर त्यात मिठाचं पाणी भरलेलं आहे. ते कोरडं पडत नाही, पण कोंबडीची चवही देत नाही. कधीकधी एखादा भाग करकरीत, लाकडासारखा लागतो. झपाट्याने वाढवलेल्या कोंबड्यांच्या छातीत हा दोष येतो आणि धंद्यात त्याला वुडी ब्रेस्ट म्हणतात. कच्च्या तुकड्यावर अंगठा दाबला तर तो कळतो, त्यामुळे मी त्याचे थोडे गुण कापते. निवडून बाजूला काढणं स्वयंपाकघराच्या हातात असतं.

बीफ श्निट्झेल खाणाऱ्या चौघांसाठी: ते बहुधा टॉपसाइडचं, म्हणजे मांडीच्या मांसाचं, असतं आणि चिकनपेक्षा पातळच हवं. धाग्यांच्या आडवं कापलेलं आणि नीट ठोकलेलं असेल तर काट्याने तुटतं. धाग्यांच्या दिशेने कापलेलं असेल तर कितीही ठोका, वातडच राहतं. चिकन आणि बीफचे गुण एका रकान्यात मिसळू नका.

बीफ न खाणाऱ्या दोघांनी इथे नीट लक्ष द्या, कारण चिकन मागवलं म्हणजे झालं असं नाही. ॲडलेडमध्ये नुसतं ‘श्निट्झेल’ म्हटलं तर काउंटरवरचा माणूस चिकन की बीफ हे विचारतो. गर्दीत विचारायचं राहून जातं, म्हणून आपणच ‘चिकन श्निट्झेल’ असं पूर्ण म्हणायचं. दुसरं, तपकिरी ग्रेव्ही अनेक ठिकाणी बीफच्या स्टॉकवर केलेली असते. मशरूम, मिरी (पेपर) आणि डायान या सॉसचा पायाही पुष्कळदा तीच ग्रेव्ही असते. उलट काही पब पावडरची ग्रेव्ही वापरतात, तिच्यात मांस नसूही शकतं. पाकिटावर काय लिहिलंय ते बघून सांगा, अशी विनंती करायला संकोच करू नका. रोज कुणी ना कुणी ॲलर्जीसाठी हेच विचारत असतं. तिसरं, फ्रायर. बीफ, चिकन, मासे आणि चिप्स एकाच तेलात तळले जाणं अगदी नेहमीचं आहे, आणि काही ठिकाणी तळायला तेलाऐवजी बीफची चरबीच वापरतात. तुमची अडचण कुठपर्यंत आहे हे आधी ठरवा आणि ‘चिप्सचा फ्रायर वेगळा आहे का, तळायला काय वापरता’ हे दोन प्रश्न विचारा. पार्मीत हॅम असतं, ते नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगायचं. शाकाहारी पाहुणा बरोबर आला तर वांग्याचं श्निट्झेल बऱ्याच मेन्यूंवर असतं, पण फ्रायरचा प्रश्न त्यालाही लागू आहे.

ग्रेव्हीचे गुण चिप बुडवून द्यायचे, श्निट्झेल बुडवून नाही. मीठ आधी लागलं आणि मागे काहीच उरलं नाही तर ती पाण्यात कालवलेली पावडर. स्टॉक आटवून केलेल्या ग्रेव्हीची चव गिळल्यानंतरही जिभेवर राहते, आणि ताटाच्या थंड कडेला ती किंचित चिकट होते. चिप्सवर इथे चिकन सॉल्ट नावाचं मसालेदार मीठ येतं. हे मीठ दक्षिण ऑस्ट्रेलियाचंच, १९७०च्या दशकात गॉलर गावात जन्मलेलं, आणि बहुतेक वेळा त्यात कोंबडी नसतेच. ते श्निट्झेलवरही शिंपडलेलं असेल तर कवचाची चव कळत नाही, म्हणून सुरुवातीला नको म्हणा. सॅलडबद्दल माझी एकच अट आहे, त्याचं पाणी श्निट्झेलखाली वाहत येता कामा नये.

पार्मी पारखायची तर स्वतंत्र फेरी ठेवा. मेलबर्नचे पाहुणे तिला पार्मा म्हणतील. तिच्यात मी सगळ्यात आधी कड बघते. सॉस आणि चीज अगदी काठापर्यंत फासलेलं असेल तर कुरकुरीत काहीच उरत नाही. जाणता स्वयंपाकी बोटभर कड मोकळी सोडतो, सॉस घट्ट आटवून मोजकाच लावतो, आणि चीजवर तपकिरी ठिपके येईपर्यंतच वरच्या आचेखाली धरतो.

बिअर कमी घ्या, निदान गुण लिहून होईपर्यंत. दक्षिण ऑस्ट्रेलियात स्कूनर मागितला की २८५ मिलिलिटर येतो आणि पाइंट मागितला तर ४२५. दुसऱ्या राज्यांतून आलेले मित्र यात नेहमी गोंधळतात. एक स्कूनर कूपर्स पेल एल तेलकटपणा जिभेवरून उतरवायला पुरेशी आहे.

कधी जायचं, याला मी फार महत्त्व देते. १९१६ पासून १९६७ पर्यंत या राज्यात बार संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. सहकुटुंब संध्याकाळचं जेवण पबमध्ये घ्यायची सवय त्यानंतर रुजली, आणि हे जेवण आठवड्यात कधीही, सहज उठून जाऊन खायचं म्हणून लोकांना प्रिय आहे. त्याचा खरा गुण सातत्यात आहे. म्हणून एका पबला एका भेटीवर गुण देऊ नका. एकदा श्निट्झेलच्या सवलतीच्या रात्री, ऐन साडेसातच्या गर्दीत जा, आणि एकदा साध्या वारी सहाच्या सुमारास. दोन्ही वेळचे गुण वेगळे लिहा. किंमत लिहून ठेवा पण बेरजेत धरू नका. १९९४ पासून इथल्या पबमध्ये पोकीज म्हणजे जुगाराची यंत्रं आहेत, आणि ज्या पबची कमाई तिथून होते त्याला स्वस्त जेवण देऊन माणसं आत आणणं परवडतं. स्वयंपाकघराच्या जोरावर चालणाऱ्या पबला ते परवडत नाही. किमतीची तुलना केली तर दुसऱ्यावर अन्याय होतो.

गुण शंभरपैकी द्या, दहात फरक दिसत नाहीत. मी कवचाला ४० देते, त्यातले निम्मे खालच्या बाजूचे. मांसाला २५, चिप्सना १५, ग्रेव्हीला १०, आणि उरलेले १० ताट गरम आलं का, सॅलड ताजं होतं का, वाढणी नीट होती का यासाठी. प्रत्येकाने आपले गुण न बोलता लिहायचे आणि मग उघड करायचे. नाहीतर पहिला मोठ्याने ‘नऊ’ म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात.

बरोबरी झाली तर तिसऱ्यांदा जा, स्वयंपाकघर बंद होण्याच्या अर्धा तास आधी. बऱ्याच उपनगरी पबमध्ये ही वेळ आठच्या सुमाराला येते, फोन करून विचारून घ्या. तोवर तेलात दिवसभराचा चुरा जळलेला असतो, आवराआवर सुरू झालेली असते, माणसं दमलेली असतात. ज्या पबने संध्याकाळी मध्येच तेल गाळून घेतलंय आणि या वेळीही श्निट्झेल जाळीवर निथळू दिलंय, त्याची खालची बाजू तेव्हाही कोरडी असेल. पहिला नंबर त्याला द्या.